परसातील टोमॅटोची हकीकत

"झाड हिरवेगार आहे, फुलेही भरपूर येतात, पण फळ काही धरत नाही." परसात किंवा गच्चीत टोमॅटो लावणाऱ्या भगिनींची ही तक्रार दर उन्हाळ्यात हटकून ऐकू येते. कोणी खताला दोष देते, कोणी बियांना, कोणी शेजारणीच्या दृष्टीला! वास्तविक दोष बहुधा यांपैकी कोणाचाच नसतो. या झाडाची कुळकथा ठाऊक असली म्हणजे तक्रारीचे उत्तर आपोआप मिळते. आणि ती कुळकथा मोठी मनोरंजक असल्यामुळे या स्मरणिकेसाठी तीच लिहावयास घेतली.

टोमॅटोचे माहेर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. अँडीज पर्वत आणि पॅसिफिक महासागर यांच्यामधून पेरू व एक्वादोर या देशांत जी चिंचोळी पट्टी जाते, तेथे त्याचे रानटी भाईबंद आजही उगवतात. त्यांची फळे मटाराच्या मोठ्या दाण्याएवढी, पण रंगाने आणि चवीने अस्सल टोमॅटोच. नकाशा उघडून पाहिला तर हा मुलूख विषुववृत्ताला अगदी खेटून आहे. तेव्हा उष्ण कटिबंधातले हे झाड आपल्याकडे वैशाखवणव्यातही सुखाने नांदावे, असे कोणालाही वाटेल. फसगत होते ती येथेच. पेरूच्या किनाऱ्यालगत समुद्रात थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. त्यामुळे तेथील हवा नुसत्या नकाशावरून वाटते तितकी तापत नाही. पाऊस तर नावालाच. शिवाय डोंगरउतारावर सूर्य मावळला की गारवा उतरतो. दिवसा ऊब, रात्री गारवा आणि मुळाशी बेताची ओल, अशा संसाराची या झाडाला पिढ्यान्‌पिढ्या सवय. ही सवय ते कोठेही गेले तरी विसरलेले नाही.

त्याला शेतात आणून मोठे केले ते मेक्सिकोच्या लोकांनी. तेथील नाहुआत्ल भाषेतला 'तोमात्ल' हा शब्दच पुढे स्पॅनिशांच्या तोंडून जगभर गेला. १५२१ साली स्पॅनिशांनी अझ्टेकांची राजधानी घेतली. त्यानंतर तेथे राहिलेल्या साहागून या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने त्या लोकांच्या चालीरीती फार बारकाईने टिपून ठेवल्या. त्याच्या ग्रंथात बाजारात टोमॅटो विकावयास बसणाऱ्यांचे वर्णन आहे. चांगला विक्रेता कसा माल ठेवतो आणि लबाड विक्रेता सडका, मऊ पडलेला माल कसा गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो, हेही त्यात आहे. सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वीचे ते वर्णन आपल्या मंडईत आजही खोटे ठरणार नाही!

युरोपात हे फळ पोहोचले तेव्हा विद्वानांना पहिला प्रश्न पडला की, याला बसवावे कोणत्या पंक्तीला? मात्तिओली नावाच्या इटालियन वैद्याने १५४४ साली त्याचा उल्लेख केला तो वांग्याच्याच बरोबर. पुढे १५९७ साली इंग्रज वनस्पतिकार जेरार्ड याने त्याच्या वासाला नाके मुरडली. विषारी धोतऱ्याशी नाते असलेले झाड म्हणून पुष्कळांनी ते शोभेपुरतेच लावले. नेपल्समध्ये १६९२ साली छापण्यास सुरुवात झालेल्या लातिनीच्या पाकशास्त्रात टोमॅटोची चटणी येते, म्हणजे ओळख झाल्यापासून छापील पाककृतीपर्यंत जवळजवळ दीडशे वर्षे गेली. आपल्या आज्या-पणज्यांनी टोमॅटोला लवकर घरात घेतले नाही म्हणून त्यांना जुन्या मताच्या ठरविणाऱ्यांनी हा आकडा जरूर ध्यानात ठेवावा.

आता आपल्याकडची गोष्ट. बटाटा, काजू, पेरू, अननस ही फळे आणि त्यांची नावे पोर्तुगीजांच्या बोलीतून आपल्याकडे आली. 'टोमॅटो' या शब्दाचा मराठी तोंडवळा मात्र सरळ इंग्रजी आहे. एखादा पदार्थ कोणाच्या हातून घरात आला हे पुष्कळदा त्याचे नावच सांगते. जुन्या मराठीत त्याला 'वेलवांगे' म्हणत, बंगाल्यांनी 'बिलाती बेगुन' म्हणजे विलायती वांगे म्हटले, आणि विदर्भात आजही 'भेदरे' हा शब्द कानावर पडतो. मात्तिओलीचे पुस्तक न वाचताही आपल्या बायकांनी पान, फूल आणि वास पाहून हे वांग्याचे भावंड आहे असे बरोबर ताडले होते. शास्त्रज्ञांची वाट मात्र वळणावळणाची झाली. लिनियसने १७५३ साली टोमॅटोला वांग्या-बटाट्याच्या कुळगटात घातले. पुढे इतरांनी त्याला वेगळे बिऱ्हाड करून दिले. आणि अलीकडे पेशींतील गुणसूत्रांच्या अभ्यासानंतर त्याला पुन्हा मूळ घरी आणून बसविले आहे.

साहेबांच्या बंगल्यांत हे झाड रुजले. विल्यम केरी यांनी १८२० साली कलकत्त्यास शेती व बागाईतीची संस्था स्थापन केली. अशा संस्थांमार्फत परदेशी भाज्यांचे बी येई, प्रदर्शने भरत आणि उत्तम भाजी काढणाऱ्या माळ्यांना बक्षिसे मिळत. ही विलायती भाजी लावण्याचा त्यांचा काळ ठरलेला असे: पावसाळा सरला की बी टाकावयाचे आणि थंडी आहे तोवर भाजी खावयाची. साहेबाला आपल्या मायदेशाची हवा आठवे म्हणून हा नेम पडला असेल. पण टोमॅटोच्या दृष्टीने तो अगदी अचूक होता. जॉर्ज वॅट यांच्या १८८९ ते १८९३ या काळात निघालेल्या हिंदुस्थानातील उपयुक्त पदार्थांच्या कोशात अशी नोंद आहे की, टोमॅटो मुख्यतः युरोपियनांसाठीच लावतात, तथापि देशी लोकांनाही त्याची गोडी लागू लागली आहे आणि बंगाली व ब्रह्मी लोक तो आंबट कालवणात घालतात.

आपल्या घरांतील गोडी त्याहून सावकाश लागली. कापल्यावर आतून लालभडक, रस रक्तासारखा, म्हणून कित्येक सोवळ्या घरांत त्याला मज्जाव होता. शिवाय वांग्याचा भाऊ, तेव्हा चातुर्मासात वांग्याला जो नियम तोच याला. जगन्नाथपुरीच्या महाप्रसादात तर टोमॅटो अजूनही वर्ज्य आहे. आंबटपणासाठी आपल्याकडे चिंच, आमसूल, कैरी, ताक असताना या परक्याची गरज तरी काय होती? सार, कोशिंबीर, भरीत या वाटांनी तो हळूहळू चौकटीच्या आत आला. कच्च्या हिरव्या टोमॅटोची तीळ-दाण्याचे कूट घातलेली चटणी ज्या कोणा गृहिणीला प्रथम सुचली तिचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही; पण थंडीच्या अखेरीस वेलावर राहिलेल्या, न पिकणाऱ्या फळांचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही.

परसात टोमॅटो आणण्याचे काम खरे केले ते टंचाईने. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या सुमारास, सरकारने 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम काढली, आणि अंगणात, कुंपणालगत, मिळेल त्या वावभर जागेत भाजी लावण्याचा प्रचार सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकास योजनेस प्रारंभ झाला, आणि १९६० पासून ओरिसा व आंध्रात सुरू होऊन पुढे देशभर पसरलेल्या पोषण-आहार कार्यक्रमात महिला मंडळे आणि परसबाग यांची जोडी जमविण्यात आली. युनिसेफ आदी जागतिक संस्थांचे साहाय्य त्याला होते. आपल्यासारख्या मंडळांच्या कामात परसबागेला जे स्थान मिळाले, त्यामागे हा इतिहास आहे. न्हाणीचे पाणी पाटाने वळवून आळ्यात सोडावे, डालड्याच्या रिकाम्या डब्याला बुडाशी भोके पाडून त्यात रोप लावावे, हे त्या पिढीच्या अंगवळणी पडले. पदरमोड न करता घरात जीवनसत्त्वे आणण्याचा तो मार्ग होता.

फुले गळण्याचा उलगडाही त्याच सुमारास झाला होता. फ्रिट्स वेंट हे हॉलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ काही वर्षे जावा बेटावर काम करून अमेरिकेत कॅलिफोर्नियास गेले. तेथे हवेची उष्णता हवी तशी राखता येईल अशा बंद काचघरांत त्यांनी टोमॅटोची झाडे वाढविली आणि १९४४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवस आणि रात्र यांचे तापमान वेगवेगळे ठेवून त्यांनी पाहिले, तेव्हा असे दिसले की फळ धरणे न धरणे हे मुख्यतः रात्रीच्या तापमानावर अवलंबून आहे. रात्र साधारण १५ ते २० अंश सेल्सियस असली की फळ उत्तम धरते. पुढील अभ्यासांतून कारणही कळले. फार गरम हवेत फुलातील पराग नीट तयारच होत नाही, आणि ही हानी फूल उमलण्याच्या आठ-दहा दिवस आधीच, कळीत, होऊन जाते. म्हणजे आज फूल गळले तर दोष आजच्या पाण्याचा नसून गेल्या आठवड्यातील रात्रींचा असतो!

आता हे आपल्या गावांना लावून पाहू. पुण्यात पौषातील रात्र बारा अंशांच्या आसपास उतरते, मुंबईत सतरा-अठरापर्यंत. मे महिन्यात मुंबईची रात्र सत्तावीस अंशांच्या आसपास राहते, आणि नागपूरची त्याहूनही गरम. मग फुलांनी राहावे कोठे? म्हणून घाटावर आणि कोकणात घरगुती बागेतील टोमॅटोचा खरा हंगाम एकच. भाद्रपदात बी टाकावे, पंचवीस-तीस दिवसांचे रोप दसऱ्याच्या आगेमागे लावावे, म्हणजे पुढे दोन-सव्वादोन महिन्यांनी, मार्गशीर्ष-पौषात, फळ हाती येते. कोकणात पाऊस लांबतो. तेथे भातकापणी उरकून जमीन मोकळी झाल्यावर लावणी करणे बरे. बंगल्यावरच्या माळ्याला काचघर ठाऊक नव्हते, पण त्याचा नेम हाच होता.

मग बाजारात बारा महिने टोमॅटो दिसतो तो कसा? त्याचे श्रेय नव्या जातींना आणि मोठ्या शेतकऱ्यांच्या कष्टाला. दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेने 'सू' ही अमेरिकन जात आणि मेरठकडील 'इम्प्रूव्ह्ड मेरुती' यांच्या संकरातून 'पुसा रुबी' काढली, ती घरोघर पोहोचली. १९७० नंतर बंगळूरच्या खाजगी बियाणे-उद्योगातून संकरित वाण निघू लागले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'भाग्यश्री', 'धनश्री', 'राजश्री' असे वाण दिले. जुन्नरच्या नारायणगावास आणि नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत येथे टोमॅटोचे मोठे बाजार उभे राहिले. पठारावरील हवा, ठिबकने दिलेले पाणी, तारकाठीचा आधार, आच्छादन आणि वेळोवेळच्या फवारण्या यांच्या जोरावर तेथे हंगाम लांबविता आला. हे सारे कौतुकास्पद आहे. पण त्यामुळे गृहिणीच्या मनातून टोमॅटोचा ऋतूच पुसला गेला, हेही खरे. जुलै २०२३ मध्ये भाव किलोला शंभराच्या वर, काही शहरांत दीडशे-दोनशेपर्यंत गेला, तेव्हा कितीतरी जणींनी रागारागाने त्याच महिन्यात कुंड्यांत बी टाकले. भर पावसात रोपे कुजली आणि सगळा दोष बियांवर आला! माझ्या मते आषाढात टोमॅटो महाग असणे हीच स्वाभाविक गोष्ट आहे. त्या दिवसांत आमसुलाचे सार करावे.

हंगाम साधला तरी रोग येतातच. पाने आखडून वर वळतात, झाड खुजे राहते, फळ थांबते. याला पर्णगुच्छ म्हणतात, काही ठिकाणी बोकड्या. वासुदेव आणि सॅम राज या भारतीय शास्त्रज्ञांनी १९४८ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हा विषाणू पसरविते ती पांढरी माशी, जेमतेम एक मिलिमीटर लांबीची. म्हणून रोपे लहान असतानाच तिच्यापासून राखावयाची. मच्छरदाणीच्या जाळीतून ती सहज आत शिरते. जुने मलमलीचे वस्त्र किंवा रोपवाटिकेसाठी मिळणारी बारीक जाळी वाफ्यावर कमानी करून घालावी. बंगळूरच्या भारतीय उद्यान संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा संकरित वाण पर्णगुच्छ, मर आणि करपा या तिन्हींना बराच दाद देत नाही. ज्यांच्या बागेत दरसाल रोग येतो त्यांनी तो लावावा.

मर या रोगात सकाळी टवटवीत असलेले झाड दुपारी माना टाकते आणि दोन-चार दिवसांत जाते, पाने मात्र हिरवीच राहतात. खात्री करावयाची असल्यास खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात अर्धवट बुडवून धरावा. कापलेल्या तोंडातून दुधासारखी धार खाली उतरू लागली तर तो जिवाणूंचा मर समजावा. ते झाड मुळासकट काढून टाकावे, आणि त्या जागी दोन-तीन वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांपैकी काही लावू नये. भावंडे एकाच अंथरुणात निजली की एकाचा ताप दुसऱ्यास येणारच.

परदेशी पाहुणेही येत असतात. २०१४ साली पुण्याच्या परिसरात 'टुटा' नावाची, पाने व फळे पोखरणारी दक्षिण अमेरिकन अळी प्रथम आढळली. टोमॅटोच्या माहेरचीच ही कीड, पण पाच शतके उशिरा आली! २०२० च्या उन्हाळ्यात फळांवर लाल-पिवळे-हिरवे पट्टे पडल्यामुळे पुणे, नगर, नाशिक, सातारा भागांतील शेतकरी हवालदिल झाले. लोकांनी त्याला 'तिरंगा' म्हटले; तपासात काकडीवर्गीय पिकांवरून येणारा विषाणू त्यात सापडला. अशा वेळी वर्तमानपत्रांत आणि लोकांच्या तोंडी काय वाटेल ते पसरते. वनस्पतीचा विषाणू माणसाला बाधत नाही, हे तेव्हा ठासून सांगावे लागले.

फळ पोखरणाऱ्या नेहमीच्या हिरव्या अळीवर मात्र एक सोपा उपाय आहे. बंगळूरच्याच संस्थेने टोमॅटोच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावण्याची पद्धत काढली. अळीचा पतंग अंडी घालावयास झेंडूच्या कळ्या पसंत करतो. झेंडूचे रोप लावणीच्या वेळी पंचेचाळीस दिवसांचे आणि टोमॅटोचे पंचवीस दिवसांचे असावे, म्हणजे दोघांना फूल एकदम येते. परसात सोळा ओळी कोणाच्या असतात? चार झाडांमागे एक झेंडू पुरे. अळी दिसलेल्या कळ्या खुडून टाकाव्या. दसऱ्याला ज्याची तोरणे लावतो तो झेंडूही मेक्सिकोचाच.

बाकीची निगा थोडक्यात. दिवसातून सहा तास तरी ऊन हवे. कुंडी लहान असू नये; निदान एक मोठी बादली माती मावेल एवढे भांडे घ्यावे, कारण गच्चीवर लहान कुंडीतील माती दुपारी तव्यासारखी तापते. मातीत कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. रोप थोडे खोल लावले तर खोडालाही मुळ्या फुटतात. काठीचा आधार फळ लागण्याआधीच द्यावा. पाणी पानांवर न शिंपडता बुंध्याशी, आणि नेमाने. दोन दिवस कोरडे ठेवून तिसऱ्या दिवशी पूर आणला की फळे तडकतात, आणि मुळांकडून चुना नीट न पोहोचल्यामुळे फळाचे बूड काळे पडते. पुष्कळजणी हा रोग समजून औषध मारतात. त्याला औषध म्हणजे वेळेवर पाणी आणि मुळाशी पाचोळ्याचे आच्छादन. नुसत्या नत्राच्या खताने मात्र पानांचे रान माजते. बंद गॅलरीत वारा लागत नसेल तर सकाळी फुलांच्या झुबक्याला हलकेच टिचकी मारावी, म्हणजे पराग झडून फळ धरते. फाल्गुन उजाडला की उरलेली फळे पिवळसर झाक येताच उतरवून घरात सावलीत पिकवावी. तीस-बत्तीस अंशांच्या वर लाल रंग तयार होण्याचे थांबते, म्हणून उन्हाळ्यात वेलावरचे फळ नारिंगीच राहते.

शेवटी बियांविषयी. टोमॅटोचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे साध्या जातीचे घरचे बी आईसारखेच निघते. संकरित वाणाचे निघत नाही. हंगामाच्या मध्यावर, कधीही रोग न झालेल्या झाडाचे एक पूर्ण पिकलेले फळ निवडावे. त्याचा गर पेल्यात पिळून एक-दोन दिवस तसाच आंबू द्यावा. बियांभोवतीच्या बुळबुळीत आवरणात अंकुर रोखून धरणारे द्रव्य असते, ते आंबण्याने सुटते. चार्ल्स रिक या अमेरिकन शास्त्रज्ञाला गालापागोस बेटांवरील रानटी टोमॅटोचे बी काही केल्या रुजेना. तेथील प्रचंड कासवांच्या पोटातून बाहेर पडल्यावर ते चांगले उगवते, हे त्याने १९६१ साली दाखविले. आपल्या बियांना कासवाची गरज नाही, पेला पुरतो. वर फेस आला की बी धुऊन बशीवर सावलीत वाळवावे, कागदाला चिकटते म्हणून कागदावर नको. वाळलेले बी कोरड्या जागी तीन-चार वर्षे टिकते. हे काम नेमके संक्रांतीच्या सुमारास येते. तेव्हा यंदा हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या लुटण्याऐवजी बियांच्या पुड्या वाण म्हणून द्याव्या, आणि पुडीवर जातीचे नाव, साल आणि 'भाद्रपदात टाकणे' एवढे तीन शब्द लिहावे.